अप्पांचा डावा हात

आमच्या सारंगखेड्यात
हा शब्द आधी घोड्यांचा, मग माणसांचा.
दत्ताच्या यात्रेत, तापीच्या काठी
कुणी विचारलं "नाचते का?"
तर ते घोडीबद्दल असतं,
आणि उत्तरावर दहा-वीस हजार वर-खाली होतात.

अप्पा नाचवायचे.
दोन खांब, दोन दोर, मधे पाखरी,
बाजूला झामरूची हलगी
आणि चिंचेची फोक, गुडघ्यावर, हळूच.
मारत नाही, आठवण देतो, म्हणायचे.
तिसऱ्या महिन्यात ती बाजेवर चढली,
चारी खुरं, खाली सुंभ करकरतंय,
गाव म्हणालं, उखानं बाज नाचवली.

त्यात काय, आई म्हणाली.
आखाजीला तिच्या कोपरांवर मांडा नाचायचा,
हातभर रुंद, आरपार दिसेल असा,
खापरावर पडेपर्यंत फाटायचा नाही.
तिथे हलगी नव्हती.

मराठीच्या पेपरात मी
'नाचता येईना' पुढे 'घोडी वाकडी' लिहिलं.
गुरुजींनी अर्धा गुण दिला.

आता शहाद्याला, तहसीलमध्ये आवक-जावक बघते.
तिथेही घोडेच, फक्त कागदी.
या टेबलावरून त्या टेबलावर
शिक्का खाऊन पुढे.
दुपारी व्होल्टेज नाचतं, कॉम्प्युटर मान टाकतो,
साहेब सगळ्या शाखेला बोटावर नाचवतात
आणि वरून फोन आला की स्वतःच थयथय.
तोरणमाळकडची एक बाई
जातीच्या दाखल्यासाठी चौथ्यांदा आली होती.
म्हणाली, होळीला आम्ही रात्रभर नाचतो, पाय दुखत नाहीत.
तुमच्या जिन्यावर दुखतात.
मी तिला उद्या या म्हटलं.
ते अजून डोळ्यांपुढे नाचतं.

दिवाळीपासून अप्पांचा डावा हात हलतो.
आधी नुसता अंगठा,
मग बशीतला चहा नाचायला लागला.
नंदुरबारच्या डॉक्टरांनी एक लांब नाव सांगितलं,
मी चिठ्ठीवर उतरवून घेतलं.
जिभेवर नाचतं, बाहेर येत नाही.
गोळ्या दिल्या, वर नाचणीची पेज सांगितली.
आमच्या काळ्या रानात कुठली नाचणी,
मी अक्कलकुव्याच्या बाजारातून आणली.
"आते हाई बी खाऊ?" म्हणत अप्पा हसले,
हसताना वाटीही हसली, सगळी सदऱ्यावर.

नाव त्यांनी विचारलं नाही.
हात मांडीखाली दाबून म्हणाले,
"कोन वाजाडी ऱ्हायनं, देख बरं जरा."

काल मात्र
ते अंगणात पडले होते.
पाखरी विकली त्याला नऊ वर्षं झाली,
बाज तीच आहे, मधे जरा खोल गेलेली.
हात बाजेच्या कडेबाहेर, आपल्या नादात.
मी शेजारी बसले, दोन्ही हातांनी तो धरला,
थांबेल म्हणून.
घट्ट.

"सोडी दे," ते म्हणाले.
"बांधेल जनावर जास्त नाचस."

सोडला.
मग बराच वेळ आम्ही दोघं नुसते बघत होतो
त्याची चाल कुठली ते.
वरातीला जाणारा बँजो लांब रस्त्यावर वाजत होता,
त्याच्याशी काही जमत नव्हतं.
अप्पांनी उजव्या हाताने
बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला.
चार-पाच ठोके जुळले,
मग चुकले.
पुन्हा धरला.

"नवीन शे," ते म्हणाले. "शिकी जाई."

आई चहा घेऊन आली.
काही बोलली नाही.
बशी अर्धीच भरली होती.